समुद्राकाठची परसबाग, काथ्याच्या कुंड्या आणि वाफा उकरणारं मांजर: काय चुकतंय?

पडवीवाली

नमस्कार मंडळी. घर गुहागर तालुक्यात, भरतीच्या रेषेपासून साधारण दीडशे मीटरवर. पश्चिमेला चिऱ्याचा साडेतीन फुटी गडगा, त्यापलीकडे पुळण, म्हणजे वाळूचा किनारा. जमीन वाळूमिश्रित. विहीर आहे, पण एप्रिल-मेमध्ये पाणी मचूळ होतं. घरात दोन वर्षांची मांजर, ऑपरेशन झालेली, दिवसभर बाहेर-आत. प्रश्न चार, पण एकमेकांत गुंतलेले असल्यामुळे एकत्रच विचारते.

१. मिरची, वांगी, अळू, श्रावणघेवडा यांच्या पानांच्या कडा करपतात. गडग्याला लागून दोन फुटांतली रोपं त्यातल्या त्यात बरी. आठ-दहा फूट आतल्या वाफ्यातली जास्त करपलेली. हे उलटं कसं?

२. सोडणं (नारळाची सालं) कुटून घरीच कोकोपीट केलं, सोडणांच्याच कुंड्या बांधल्या. रोपं लावली की पंधरा दिवसांत पिवळी पडतात. सोडणं खाडीकडच्या वाडीतून आणलेली.

३. मांजराला नखं घासायला पीव्हीसी पाइपवर सुंभ गुंडाळून खांब केला. दोन महिन्यांत सुंभ सैल, खालून कुबट वास, स्क्रू गंजून संपले. आता ती दाराची चौकट ओरबाडते.

४. वाफ्यात सुक्या मासळीचं कुटीचं खत घातल्यापासून मांजर रोज तिथेच उकरते आणि विधीही तिथेच.

शिवाय गडग्याच्या कडेने कण्हेरीचं कुंपण करावं असा विचार आहे, खारं वारं सोसते म्हणून. करू का?

---

माडाखाली

कण्हेर लावू नका. मांजराबद्दल जाणकार सांगतीलच. मी वाऱ्याचं आणि पाण्याचं लिहितो.

तुमचं निरीक्षण उलटं नाही, बरोबर आहे. गडगा भरीव आहे. भरीव भिंतीला वारा आपटला की वरून उडी मारतो आणि पलीकडे भोवरा घेत खाली येतो. भिंतीच्या उंचीच्या दोन-तीन पट अंतरावर हा गोंधळ मोठा असतो, म्हणजे साडेतीन फुटांच्या गडग्याला सात ते दहा फूट. तुमचा करपणारा वाफा नेमका तिथे आहे. वाऱ्यासोबत आलेले खारे तुषार तिथेच पानांवर बसतात. वारा अडवायचा नसतो, गाळायचा असतो. निम्मा वारा जाऊ देणारं कुंपण भिंतीपेक्षा चांगलं काम करतं आणि त्याचा आडोसा उंचीच्या आठ-दहा पटींपर्यंत पोचतो.

लगेच करण्यासारखं: गडग्याच्या आतल्या अंगाला दर दोन मीटरवर बांबू किंवा सुरूचे वासे पुरा. वाळूत निदान अडीच फूट खोल, नाहीतर हलतात. गडग्याच्या वर तीन फूट येईल अशी ५० टक्क्यांची शेडनेट ताणा. ७५ किंवा ९० टक्क्यांची घेऊ नका, ती पुन्हा भिंतच होते आणि वाऱ्याने वासे उपटते. जाळी बाइंडिंग तारेने बांधू नका, एका पावसाळ्यात तुटते. नायलॉन दोरीच्या सुटणाऱ्या गाठी मारा, कारण जाळी काढता आली पाहिजे. तौक्ते चक्रीवादळ २०२१ च्या मेच्या मध्यात किनाऱ्याला घासून गेलं, निसर्ग ३ जून २०२० ला रायगडात धडकलं. म्हणजे मेच्या पहिल्या पंधरवड्यानंतर इशाऱ्यावर कान ठेवून जाळी उतरवायची तयारी हवी. मांजर जाळीत नखं रुतवून चढतं, म्हणून खालचा दीड-दोन फुटांचा पट्टा चुडतांच्या झापांनी झाका.

कायमचं कुंपण निर्गुडीचं करा. जूनच्या पहिल्या चांगल्या पावसानंतर पेन्सिलीएवढ्या जाडीच्या, वीतभर लांबीच्या काड्या, दोन-तृतीयांश मातीत. दोन ओळी, काडीत दीड फूट अंतर, नागमोडी. आश्विनात पाच फुटांवर छाटली की तळातून फुटते. जागा असेल तर निर्गुडीच्या बाहेरच्या अंगाला भेंड, उंडी किंवा करंज यातलं एखादं झाड. सुरू वाफ्याजवळ नको, त्याच्या पाल्याखाली दुसरं काही नीट उगवत नाही. केवडा वारा उत्तम सोसतो पण काटेरी पानं पसरून जागा खातो. पुळणीवरची मर्यादवेल मात्र उपटू नका. वाळू तिनेच धरून ठेवलेली असते, ती गेली की वाळू उडून थेट वाफ्यात येते.

करप खाऱ्या वाऱ्याचीच की पालाशच्या कमतरतेची, हे बघायची सोपी खूण: कमतरतेत आधी खालची जुनी पानं सगळीकडून सारखी करपतात. खाऱ्या वाऱ्यात झाडाची पश्चिमेकडची बाजू करपते आणि कोवळी पानंही सुटत नाहीत.

पावसाळ्यात लाटा मोठ्या, तुषार जास्त, तरी पाऊस पानं धूत असतो म्हणून करप कमी. खरा धोका उघडिपीचा: वारा जोरात आणि पाऊस नाही. तेव्हा आणि फेब्रुवारी ते मेमध्ये दुपारच्या वाऱ्यानंतर पानं गोड्या पाण्याने धुवा. धुवायची वेळ संध्याकाळ टळल्यावर किंवा पहाटे. भर उन्हात शिंपडलं तर पाणी उडून जातं आणि त्यातला क्षार पानावरच राहतो.

आता विहीर. एक साधा टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) घ्या. पाण्याची वाहकता ०.७५ डेसीसायमन प्रति मीटरपर्यंत (मीटरवर साधारण ४८०) फारशी काळजी नाही. ०.७५ ते २.२५ (मीटरवर ४८० ते १४४०) जपून, निचरा असेल तरच. त्यापुढे भाजीला नकोच. पिकंही सारखी नसतात. मातीतल्या क्षाराची वाहकता १ झाली की श्रावणघेवडा मार खायला लागतो, मिरची १.५ च्या आसपास, बीट ४ पर्यंत तग धरतं. म्हणून उन्हाळ्यात घेवड्याचा हट्ट सोडा. बीट, पालक, घोळ, चवळी घ्या. अळू तर गोड्या, वाहत्या पाण्याचं, ते न्हाणीच्या पाण्याच्या पाटाला न्या. साबण कमी वापरत असाल तर.

वाळूत जिप्सम टाकायचा सल्ला कुणी देईल. तो चिकण चोपण जमिनीसाठी. वाळूतून क्षार पाण्यानेच खाली जातो. हवंय ते सेंद्रिय: दर चौरस मीटरला एक घमेलं कुजलेलं खत, वर्षातून दोनदा. आणि मचूळ पाणी रोज थोडं-थोडं देण्याऐवजी एक दिवसाआड भरपूर द्या. थोड्या पाण्याने क्षार मुळांशी साठत जातो.

---

सुंभ_आणि_सुतळी

कुंड्या आणि खांब माझ्याकडे.

खाडीकडची सोडणं म्हणजे निम्मं उत्तर तिथेच. सोडणाच्या भुशात मुळातच सोडियम आणि पालाश भरपूर, त्यात ती खाऱ्या पाण्यात भिजलेली असली तर बघायलाच नको. दुसरं कारण नत्राचं. भुसा कुजताना मातीतलं नत्र स्वतःला ओढतो, रोपाला उरत नाही. पंधरा दिवसांत पिवळं म्हणजे दोन्ही एकदम झालंय.

धुवायची रीत: एक बादली भुशाला तीन बादल्या गोडं पाणी, रात्रभर भिजत, सकाळी गोणपाटात पिळून पाणी फेकायचं. असं तीनदा. तिसऱ्या पाण्याचा टीडीएस मूळ पाण्यापेक्षा दीडशे-दोनशेच्या वर नसावा. असेल तर चौथ्यांदा. पाणी चहासारखं लाल येणं थांबलं म्हणजे क्षार गेला असं समजू नका, रंग आणि मीठ वेगळे. नुसत्या पाण्याने भुशाला चिकटलेला सगळा सोडियम सुटतही नाही. त्यासाठी शेवटी लिटरला दोन ग्रॅम कॅल्शियम नायट्रेट घातलेल्या पाण्यात बारा तास ठेवा, पिळा, एकदा साध्या पाण्यातून काढा. धुणं पावसाळ्यात उरकून वाळवून ठेवलं तर पाण्याची ओढाताण होत नाही.

कुंडीत नुसता भुसा कधीच भरू नका. चार भाग धुतलेला भुसा, तीन भाग कंपोस्ट, तीन भाग लाल माती. मूठभर निंबोळी पेंड.

सोडणांच्या कुंडीच्या कडेला पांढरी खर चढते ना? सोडण वातीसारखं पाणी वर ओढतं, पाणी उडतं, क्षार कडेला उरतो. म्हणून या कुंड्यांना ताटलीत पाणी ठेवायचं नाही. वरून द्यायचं, खालून निघून जाऊ द्यायचं. खर ब्रशने झाडून बाहेर टाका, पुन्हा मातीत ढकलू नका. कुंडी बांधायला सुंभच वापरा किंवा तांब्याची तार. अशी कुंडी एक-दोन पावसाळे टिकते, त्याहून जास्त अपेक्षा ठेवू नये. मोडली की माडाच्या अळ्यात टाकायची.

जमिनीवर आच्छादन म्हणून सोडणं लावताना तोंड कुठे? पुरायची असतील तर पोकळ बाजू वर, वाटीसारखं पाणी धरतात. वर झाकायची असतील तर पालथी, म्हणजे ओल उडत नाही. पालथ्या सोडणांवर मांजर बसेल, पण उकरणार नाही.

आता खांब. तुमच्या खांबात चार चुका एकत्र आहेत. पीव्हीसी गुळगुळीत, त्यावर सुंभ सरकतो. नवा सुंभ ताणलेला नव्हता. तो जमिनीपर्यंत गुंडाळला म्हणून पडवीची ओल शोषून कुबट झाला. आणि बूड हलकं. हलणाऱ्या खांबाला मांजर विश्वासाने नखं लावत नाही, चौकट पक्की असते म्हणून चौकट.

लाकूड सुरूचं घ्या, चार इंच (दहा सेंटिमीटर) जाड, सरळ, साल काढून महिनाभर सावलीत वाळवलेलं. जमिनीवर ८५ सेंटिमीटर हवं. मांजर मागच्या पायांवर उभं राहून पूर्ण ताणतं, त्याला एवढी उंची लागते. बूड जांभ्याच्या दोन चिऱ्यांचं करा. दोन्ही चिऱ्यांच्या एकमेकांना लागणाऱ्या बाजूंवर छिन्नीने अर्धगोल खाच, वासा मध्ये उभा, एकास तीन सिमेंट-वाळूने सांधा भरा, सात दिवस ओला ठेवा. एकाच चिऱ्यात गोल भोक पाडायला जाऊ नका, कडेला जाडी उरत नाही आणि चिरा उभा फुटतो. हे बूड अर्ध्या क्विंटलच्या घरात जातं, पुन्हा हलवता येणार नाही. म्हणून आधी जागा ठरवा. जागा मांजराने ठरवलेलीच आहे: ती ओरबाडते त्या चौकटीच्या शेजारी.

दोर: उघड्या पडवीत काथ्याचा सुंभ, घराच्या आत घायपाताचा दोर. घायपात नखांना जास्त आवडतो, तंतू लांब, पण दमटपणात लवकर कुजतो. काथ्या खरखरीत, तंतू गळतात, तरी खारी ओल त्याच्याइतकं कुणी सोसत नाही. मासेमारीचा नायलॉन दोर कितीही फुकट मिळाला तरी नको. नखं अडकतात, सुटलेला धागा गिळला तर आतडं गोळा होतं. डिझेलसारखा वास येणारा दोरही नको.

लांबीचा हिशोब: ८ मिलिमीटर जाडीच्या दोराचा एक वेढा दहा सेंटिमीटर खांबावर सुमारे ३४ सेंटिमीटर घेतो. वरचे ६० सेंटिमीटर गुंडाळायचे म्हणजे ७५ वेढे, म्हणजे साडेपंचवीस मीटर. टोकं धरून २८ मीटर आणा. खालचे २५ सेंटिमीटर उघडे ठेवायचे, ओल वर चढू नये म्हणून.

दोर आधी दोन माडांमध्ये ताणून रात्रभर ठेवा. गुंडाळायचा कोरडाच. ओला दोर आखडलेला असतो, वाळला की सैल पडतो, तुमचंही बहुधा तेच झालंय. गुंडाळायचा मुहूर्त नोव्हेंबर ते मार्च. टोकांना खिळे-स्क्रू लागतच नाहीत: वाशात तिरकं भोक, दोर आरपार, मागे गाठ आणि भोकात लाकडी खुंटी ठोकायची. दर दहा वेढ्यांनी लाकडी मोगरीने वरून खाली ठोकत वेढे दाबा. दर वीतभर अंतरावर पाण्यात न विरघळणाऱ्या फेविकॉलचा एक पट्टा. गरम गोंदाची बंदूक वापरू नका, ओल आली की गोंदाच्या पापड्या सुटतात.

स्क्रू कुठे लागलेच तर ३१६ प्रतीचं स्टेनलेस. ३०४ सुद्धा किनाऱ्यावर तपकिरी डाग धरतं. जस्ताचा मुलामा दोन वर्षं. सुरूत आधी भोक पाडल्याशिवाय काहीही ठोकलं तर वासा चिरतो.

लाकडाला काजूच्या टरफलाचं तेल लावायची पद्धत आहे, होड्यांना लावतात तसं. वाळवीला उत्तम, पण कातडी भाजते. मांजर घासून अंग चाटतं. इथे नकोच, लाकूड उघडं राहू द्या.

---

आगरातला

कुटीच्या खताऐवजी एरंडी पेंड घाला, मुंग्या-वाळवीही जातात. वाफ्याच्या कडेने चार डांबरगोळ्या पुरून ठेवा आणि रोज फिनाईलचं पाणी शिंपडा, मांजर त्या बाजूला फिरकणार नाही. घरोघर करतात.

---

खोकलीचं_मूळ

आगरातला, तुमचे तिन्ही उपाय मांजराला मारू शकतात, म्हणून सविस्तर.

एरंडी पेंडीत रायसिन राहू शकतं आणि वास खाण्यासारखा असल्याने कुत्री-मांजरं ती चाटतात. डांबरगोळीतलं नॅप्थलीन मांजराच्या रक्तपेशी आणि यकृत बिघडवतं. फिनाईलमधली फिनॉलसारखी द्रव्यं माणसाचं यकृत निष्प्रभ करून बाहेर टाकतं, मांजराच्या यकृताला ते नीट जमत नाही. ती चालते, पाय चाटते, विष पोटात. पडवी पुसायलाही फिनाईल नको, साधं साबणपाणी. तिने आत कुठे लघवी केली तर ब्लीचही ओतू नका, लघवीतल्या अमोनियाशी मिळून घशाला झोंबणारा वायू सुटतो.

कण्हेर: पान, फूल, खोड, चीक, सगळंच हृदयावर आघात करणारं. पिवळी कण्हेर म्हणजे बिट्टी, तीही तशीच. सदाफुली आणि रुई किनाऱ्यावर मजेत वाढतात, दोन्ही विषारी. पावसात कुंपणात आपोआप येणारी कळलावी दिसायला देखणी, तिच्या कंदात कोल्चिसिन असतं. मांजराने उकरण्याच्या जागी उगवली तर हातमोजे घालून कंदासकट काढा. सायकस, म्हणजे शोभेचा तो पामसारखा दिसणारा, बंगल्यांच्या दारात असतो, अंगणात नको. आणि फुलांच्या गुच्छातली खरी लिली सगळ्यांत वाईट. पान, पराग, फुलदाणीतलं पाणी, कशानेही मांजराची मूत्रपिंडं निकामी होतात. पराग अंगावर पडला आणि चाटला तरी पुरतो. पहिल्या अठरा तासांत सलाइन सुरू झालं तर आशा, नंतर कमी. हे कुणी मुद्दाम सांगत नाही आणि गणपतीत घरात असे गुच्छ येतात. अळू आणि मनीप्लांटने तोंड खाजतं, लाळ गळते. बहुतेक मांजरं एकदाच चावतात.

विषारी काही खाल्लं अशी शंका आली तर मिठाचं पाणी पाजून उलटी काढू नका, मीठच तिला बाधतं. दूधही नको. त्या झाडाची फांदी पिशवीत घ्या आणि जनावरांच्या दवाखान्यात न्या.

निर्गुडीचा सल्ला मलाही पटतो. आतल्या बाजूला जास्वंद आणि कर्दळ लावा, मांजराला त्रास नाही आणि थोडा खारा वारा चालतो. जास्वंदीवर पिठ्या ढेकूण येतील, पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने पाडा.

उकरण्याचं. कुटीच्या खतात दोन दोष. वास तर आहेच, पण सुकी मासळी बहुधा खारवलेली असते. आधीच क्षाराने बेजार वाफ्यात तुम्ही मीठच घालताय. करपण्यात त्याचाही वाटा असणार. ते बंद. असलेलं वीतभर खोल गाडा, वरून भरपूर पाणी द्या. पुढे निंबोळी किंवा करंज पेंड, चौरस मीटरला शंभर-दीडशे ग्रॅम. दोन्ही कडू, मांजर तोंड लावत नाही. तसंच गोगलगायींवर मीठ टाकायची सवय असेल तर सोडा, मीठ वाफ्यातच मुरतं. संध्याकाळी वेचून साबणाच्या पाण्यात टाका. निळ्या-हिरव्या गोळ्यांचं गोगलगायीचं औषधही मांजराला घातक.

पेरलेल्या वाफ्यावर एक इंची कोंबडीजाळी आडवी अंथरा, वाकवलेल्या तारेने कडा दाबा, रोपं भोकांतून वर येतात. तार गंजेल, पण एक हंगाम निघतो. नाहीतर नारळाच्या झाडूचे हीर वीतभर तोडून तीन-तीन बोटांवर उभे खोचा. मांजराला बसायला आणि वळायला मोकळी जागा लागते, ती मिळाली नाही की दुसरीकडे जातं. संत्र्याच्या साली, कॉफी वगैरे दोन दिवसांचा खेळ.

ते "दुसरीकडे" तुम्ही द्यायचं. तीन फूट बाय दोन फूट, फूटभर खोल खड्डा किंवा चिऱ्यांची पेटी, झापाचं छप्पर, वाफ्यापासून लांब, माजघरातून दिसणार नाही अशा कोपऱ्यात. त्यात सहा-आठ इंच बारीक वाळू. पुळणीवरून वाळू आणू नका. किनारा नियमन क्षेत्रात वाळू उचलायला मनाई आहे, आणि तशीही ती या कामाची नाही: खारी वाळू हवेतली ओल ओढते, पावसाळ्यात कधी कोरडी होत नाही. मांजराला कोरडी, भुसभुशीत लागते. बांधकामाची चाळलेली वाळू आणि त्यात पाव भाग वाळलेला लाकडाचा भुसा चालतो. सवय लावायला तिची थोडी घाण नव्या पेटीत आणून ठेवा.

रोज उपसायचं. मांजराच्या विष्ठेतून टोक्सोप्लाझ्माची अंडी येतात. ती ताजी असताना लागण करत नाहीत, एक ते पाच दिवसांत तयार होतात. रोज काढलं तर धोका खूप कमी. हातमोजे हवेत, घरात गरोदर बाई असेल तर तिने हे काम करू नये. ती घाण भाजीच्या कंपोस्टमध्ये नको, माडाच्या अळ्यापासूनही लांब खोल पुरा. ज्या वाफ्यात ती आधी जात होती तिथली पालेभाजी या हंगामात कच्ची खाऊ नका. जंताचं औषध तीन महिन्यांनी, वाळूत वावरणाऱ्या मांजराला अंकुशकृमी लवकर होतात.

तिला कुरतडायला गवत हवंच असतं. गहू आठ-दहा तास भिजवून धुतलेल्या भुशाच्या पसरट ताटलीत दाट पेरा, आठवड्याभरात चार बोटं होतो. ज्वारी पेरू नका, कोवळ्या पोंग्यात सायनाइड असतं. गुरांना बाधते ती तीच. अंगणात खोकली नावाचं तण उगवतं तेव्हा एक गंमत बघा: उपटली की मांजर मुळाशी लोळायला येतं. त्या मुळाचा वास त्यांना वेडावतो. नव्या खांबाकडे ओढायचं असेल तर ताजं मूळ सुंभावर घासून फेकून द्या. खायला मात्र देऊ नका.

रापण ओढल्यावर पुळणीवर टाकून दिलेला केंड मासा दिसला तर मांजर आत घ्या. तो सुकला तरी विष जात नाही.

---

आगरातला

एरंडी पेंडीबद्दल ठाऊक नव्हतं. पोस्ट खोडत नाही, खाली उत्तर आहे म्हणून राहू दे.

---

पडवीवाली

सगळ्यांचे आभार. मीटर आणला. पावसाळ्यात विहीर २१०, एप्रिलच्या जुन्या पाण्याची बाटली ठेवलेली होती ती ११५०. घरच्या भुशाचं पहिलं पिळलेलं पाणी २४००. म्हणजे रोपांचं बरोबरच होतं.

दोन शंका. छपराचं पावसाचं पाणी साठवून कुंड्यांना वापरलं तर? आणि वाफ्यावर तिसऱ्यांचे शिंपले पसरले तर मांजर उकरणार नाही ना?

---

माडाखाली

२४०० म्हणजे भुसा नव्हे, मिठागर. ११५० वर बीट-पालक चालेल, पण कुंड्यांना नको.

छपराचं पाणी उत्तम. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. दहा चौरस मीटरच्या पडवीवरून शंभर मिलिमीटरच्या दिवशी हजार लिटर येतात, टाकीच कमी पडेल. पहिल्या एक-दोन सरींचं पाणी सोडून द्या, उन्हाळाभर कौलांवर बसलेलं मीठ आणि शेवाळ त्यात येतं. टाकी झाकलेली हवी, डासांसाठी आणि मांजरासाठी. साठा एप्रिलपर्यंत पुरवायचा तर तो फक्त रोपवाटिका आणि कुंड्यांना. मोठ्या वाफ्यांना विहीरच.

शिंपले नकोत. कातळावरच्या जांभ्याच्या आम्ल मातीत शिंपल्याचा चुना चालून जातो, तुमच्या वाळूत आधीच शिंपल्याचे तुकडे आहेत. आणखी चुना झाला की लोह रोपाला मिळत नाही, शिरा हिरव्या आणि पान पिवळं. मग तुम्ही पुन्हा विचाराल की भुसा धुतला तरी पिवळं का.

---

सुंभ_आणि_सुतळी

शिंपल्यांच्या तुटक्या कडांनी पंजेही कापतात. हस्तकलेला ठेवा. गोड्या पाण्यात दोन-तीन दिवस, रोज पाणी बदलत, मग दातांच्या ब्रशने घासा. व्हिनेगर किंवा लिंबू लावू नका, शिंपला म्हणजे चुनाच, आम्लाने चकाकी खाल्ली जाते. भोक पाडताना शिंपला पाण्याखाली धरून हाताच्या गिरमिटाने पाडा, कोरडी पूड छातीत जाते. पुळणीवरून उचलाल ते रिकामेच. जिवंत शंख आणि प्रवाळाचे तुकडे उचलायचे नाहीत, प्रवाळ तर वन्यजीव कायद्याखाली संरक्षित आहे. शिंपल्यांच्या माळा मांजराच्या उंचीच्या वर टांगा, आणि ओवायला सुती दोरा. नायलॉनचा नको, कारण वर सांगितलंय.

खांबाचं सिमेंट पावसात घट्ट व्हायला वेळ घेतं. बूड आत्ता बसवा, सुंभ नोव्हेंबरमध्ये गुंडाळा. मधल्या काळात चौकटीला जुना गोणपाट खिळ्यांशिवाय, सुतळीने घट्ट बांधून ठेवा.